खोक्यातला दगड आणि हरवलेला पत्ता

भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या घरी बुटांचा एक खोका असतो. त्यात बूट नसतात. ट्रिपमध्ये उचललेले, घाटात गाडी थांबवून घेतलेले, मित्राने आणून दिलेले दगड असतात, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत आई विचारते, "हे ठेवायचंय का अजून?" तुमच्याकडे असा खोका असेल तर आज एक करून बघा. त्यातला सगळ्यात आवडता स्फटिक हातात घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्या. नेमका कुठून उचलला? खडकाच्या कुठल्या थरातून? आणि तिथे असताना त्याची वरची बाजू कुठली होती?

माझ्या आवडत्या दगडाबद्दल मला यातलं एकही धड सांगता आलं नव्हतं. त्यापायी एमएस्सीच्या प्रोजेक्टचे चार महिने गेले. ती गोष्ट सांगते, पण आधी हे स्फटिक येतात कुठून ते बघू, म्हणजे प्रश्न तिन्ही का महत्त्वाचे हे कळेल.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या झाल्या. विहीर खणणारे लोक अशा ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. मला पाठ्यपुस्तकातल्या नावापेक्षा हेच आवडतं. पुढे या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्याने खडकातूनच सिलिका, कॅल्शियम, सोडियम असं काय काय विरघळवलं आणि पोकळीच्या भिंतीवर स्फटिकांच्या रूपात बसवलं. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट कुटुंबातली मंडळी, आणि त्यांच्या शेजारी कायम दिसणारं पण त्या कुटुंबातलं नसलेलं अपोफिलाइट. सोबत गारगोटी आणि कॅल्साइट. झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनश्टेड यांनी दिलं. खनिज तापवल्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडताना त्यांना दिसलं, म्हणून ग्रीकमधून 'उकळणारा दगड'.

आता नीट लक्ष द्या. सगळे स्फटिक एकाच वेळी वाढत नाहीत. पाण्याचं तापमान आणि रसायन बदलतं तशी खनिजं बदलतात. म्हणजे पोकळी ही एक डायरी आहे आणि तिची पानं भिंतीकडून मध्याकडे वाचायची. भिंतीला चिकटून हिरवट पातळ साल, त्यावर गारगोटी, त्यावर स्टिल्बाइट, आणि स्टिल्बाइटवर ऐटीत बसलेलं अपोफिलाइट, असं दिसलं तर कोण आधी आणि कोण नंतर हे कुठलंही मशीन न वापरता सांगता येतं. स्कोलेसाइटची सुई अपोफिलाइटच्या आरपार गेलेली दिसली, तर सुई आधीची. आपण हौशीने काय करतो? सुंदर अपोफिलाइट छिन्नीने सुटं काढतो आणि खालचा 'घाण' दगड फेकून देतो. म्हणजे डायरीतलं शेवटचं पान फाडून घरी आणतो.

वरची बाजू का हवी, हे मलाही उशिरा कळलं. काही पोकळ्यांच्या तळाशी गारगोटीचे सपाट थर साचलेले असतात, भांड्यात खीर निवल्यासारखे. ते थर बनले तेव्हाची आडवी पातळी ते दाखवतात. काही ठिकाणी गारगोटी छतातून खाली लोंबकळत वाढलेली असते. खडक अजून जागेवर असताना दगडावर मार्करने एक बाण काढला की ही सगळी माहिती टिकते. बाण काढायला पाच सेकंद लागतात. नंतर तो काढता येत नाही.

आणि थर? त्यासाठी आइसलँडला जावं लागेल. जॉर्ज वॉकर नावाचे ब्रिटिश भूवैज्ञानिक पूर्व आइसलँडच्या बेसाल्टमध्ये वर्षानुवर्षं हिंडले. कुठल्या उंचीवर कुठलं झिओलाइट सापडतं, हे ते नोंदवत गेले. त्यांच्या लक्षात आलं की झिओलाइटांचे पट्टे लाव्हाच्या थरांबरोबर कललेले नाहीत. थर तिरके आणि पट्टे जवळपास आडवे, थरांना छेदून जाणारे. म्हणजे खनिजं बसली ती थर कलल्यानंतर, आणि कुठलं खनिज बसणार हे त्या जागेच्या वर किती खडक होता, तिथे किती ऊब होती, यावर ठरलं. त्यावरून आज झिजून नाहीसा झालेला वरचा खडक किती जाड होता याचा अंदाज त्यांनी बांधला. १९६० साली हे प्रसिद्ध झालं. या कामाचा पाया काय होता बघा: खनिजाचं नाव, जागा आणि उंची. हौशी संग्राहक करतो तेच, फक्त वहीत लिहून. आपल्याकडे सुखेश्वाला आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातल्या डेक्कन ट्रॅपच्या झिओलाइटांवर लिहिलं, तोही लेख जरूर मिळवून वाचा.

अपोफिलाइटचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे त्याचं वय काढता येतं. दख्खनमधल्या काही अपोफिलाइटांची वयं लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी कमी निघाली आहेत. लाव्हा थंड झाल्यावर कितीतरी काळाने पुन्हा गरम पाणी फिरलं होतं. पण वय काढलेला दगड कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला हेच माहीत नसेल तर त्या आकड्याचं करायचं काय?

तर माझी गोष्ट. पुण्याच्या पूर्वेला एका गावात नातेवाइकांकडे गेले होते. शेजारच्या शेतात नवी विहीर चालली होती आणि काठावर डबराचा ढीग पडला होता. त्या ढिगात उन्हात काहीतरी चमकलं. फिकट हिरवं अपोफिलाइट, नखाएवढे स्फटिक, खाली पीच रंगाचं स्टिल्बाइट. विहिरीचे मालक म्हणाले, "घेऊन जा ताई, आमाला काय करायचंय त्याचं?" मी ते पेपरात गुंडाळलं, बॅगेत टाकलं आणि एवढी खूश होते की एक फोटोसुद्धा काढला नाही. सहा महिन्यांनी प्रोजेक्टचा विषय ठरवताना तोच दगड गाईड मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी भिंगातून बराच वेळ बघितलं, छान म्हणाल्या, आणि विचारलं, "किती खोलीवरचा?" मी म्हटलं, विहिरीतला. "विहीर किती खोल आहे? किती लाव्हाप्रवाह लागले? गेरूच्या वरचा की खालचा?" मला काहीच सांगता येईना. त्यांनी दगड परत माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मग हा शोकेसमध्ये ठेव." तोपर्यंत विहीर बांधून झाली होती, पाणी लागलं होतं आणि डबर रस्त्याच्या कामाला गेला होता.

हे फक्त विहिरींचं नाही. दगडखाणी बंद पडतात, पाण्याने भरतात, त्यांच्यावर इमारती होतात. कॅव्हान्साइटचंच घ्या. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या अक्षरांवरून नाव मिळालेलं हे गडद निळं खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून नोंदलं गेलं, पण जगभरच्या संग्रहांतले देखणे नमुने आपल्या वाघोलीच्या खाणींतले. खाण बुजली की तिच्याबद्दलचा पुरावा उरतो तो लोकांच्या कपाटात, चिठ्ठीसकट किंवा चिठ्ठीविना. जुन्या संग्रहांत नुसतं 'पूना' लिहिलेले नमुने भरपूर आहेत. तो बहुतेकदा विकणाऱ्याचा पत्ता असतो, दगडाचा नव्हे.

मग फील्डवर काय करायचं? परवानगी आधी. शेत असेल तर मालकाची, खाण असेल तर मॅनेजरची. सुरुंगाच्या दिवशी जायचं नाही, आणि उभ्या भिंतीखाली कधीच उभं राहायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. लेणी, किल्ले, लोणारसारख्या संरक्षित जागा, वनखात्याची जमीन, इथे छिन्नी बॅगेतच ठेवायची. हातोडा मारताना गॉगल हवाच. बेसाल्टची कपची डोळ्यात गेली तर पीएचडी राहू द्या, डोळा जाईल.

हातोडा मारण्याआधी फोटो. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून, एक लांबून आणि एक जवळून. फोनवरचं लोकेशन वहीत हाताने उतरवा, कारण फोन हरवतो. नमुन्याला नंबर द्या आणि तोच नंबर दगडावर, पिशवीवर, वहीत. दगडावर नंबर घालायची जुनी युक्ती म्हणजे मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने आकडा. खडकाचा तुकडा स्फटिकाला चिकटूनच आणा. ढिगातला नमुना असेल तर 'ढिगातला' असंच लिहा. न लिहिण्यापेक्षा ते बरं, आणि थरातला आहे असं भासवण्यापेक्षा तर खूपच बरं.

ओळख पटवायला सुरुवातीला एक दहापट भिंग आणि चाकू पुरतो. पारदर्शक चौकोनी ठोकळा दिसला की सगळे कॅल्साइट म्हणतात. कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा सहज उठतो आणि सौम्य ॲसिडचा थेंब पडला की फसफसतं. अपोफिलाइट फसफसत नाही, आणि त्याच्या टोकाच्या सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक असते. गारगोटीला चाकू लागतच नाही. ही परीक्षा मुख्य स्फटिकावर नको, तुटक्या तुकड्यावर करा. आणि नमुना ॲसिडने 'स्वच्छ' करायच्या फंदात पडू नका, झिओलाइटांचंही त्यात नुकसान होतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश बास. ओकेनाइटच्या कापसासारख्या गोळ्यांना मात्र तेही नको आणि बोटही नको, एकदा तंतू चिकटले की पुन्हा फुलत नाहीत. लॉमॉन्टाइट तर कोरड्या हवेत आपलं पाणी सोडतं. माझा एक सुरेख नमुना उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पिशवीत पांढरी पूड होऊन बसला होता. चिठ्ठी मात्र व्यवस्थित होती.

विकत घेण्यात गैर काही नाही, पण निळे गोळे स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवलेलेही मिळतात. जोडाजवळ भिंग लावून बघा. चांगले नमुने कसे दिसतात हे डोळ्यांत बसवायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक अख्खा दिवस काढा.

प्रोजेक्ट मी दुसऱ्याच विषयावर केला, नव्याने सगळं फील्ड करून. पण तो हिरवा दगड डोक्यातून जाईना, म्हणून गेल्या मे महिन्यात पुन्हा त्या गावी गेले. विहीर खणणाऱ्या टोळीतले एक आजोबा तिथेच राहतात. त्यांना दगड दाखवला. त्यांनी तो उलटा केला, मग सुलटा केला आणि म्हणाले, "हा वरचा न्हाई. तांबडा गेरू लागला ना चार परसावर, त्याच्या खाली मांजऱ्या होता, त्यातला." परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची. मी वही काढली, त्यांनी सांगितलं तसं सगळं लिहून घेतलं. ते बोलत राहिले: कुठे काळा पाषाण लागला, कुठे सुरुंग वाया गेला, कुठे पहिलं पाणी आलं. वरून खालपर्यंत सगळा छेद त्यांना तोंडपाठ होता.

आता त्या दगडाच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'विहिरीच्या डबरातून. गेरूखालचा मांजऱ्या, अंदाजे चार परसांच्या खाली. तोंडी माहिती, खणणाऱ्याकडून. वरची बाजू माहीत नाही.' मॅडमना दाखवली. "तोंडी माहिती" या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, त्याच गावात या उन्हाळ्यात आणखी किती विहिरी निघणार आहेत?