पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर

जपानमधील फुकुओका शहरी, तेन्जिन या गजबजलेल्या पेठेत, जुन्या प्रांतिक सरकारी कचेरीची जागा मोकळी झाली, तेव्हा तेथे इमारत उठवून जमिनीचे मोल वसूल करावे की शहराच्या मध्यभागी उरलेले एवढे मोकळे अवकाश नागरिकांसाठी राखावे, असा पेच उभा राहिला असता, अर्जेंटिनात जन्मलेले वास्तुशिल्पी एमिलियो अम्बास यांनी दोन्ही पक्षांचे समाधान होईल अशी तजवीज सुचवली. १९९५ साली पुरी झालेली ही ‘अ‍ॅक्रोस’ इमारत हमरस्त्याच्या बाजूने पाहिली तर चारचौघींसारखी काचेची आणि सरळसोट दिसते. परंतु दक्षिणेला, उद्यानाच्या अंगाने, ती मजल्यामजल्यागणिक मागे सरत सुमारे साठ मीटर उंच चढते, आणि प्रत्येक मजल्याच्या छपरावर माती घालून झाडी लावलेली असल्यामुळे उद्यानच डोंगर होऊन वर गेले आहे असे वाटते.

डोंगराचे हे अनुकरण केवळ आकारापुरते नाही. वरच्या पायरीवरचे पावसाचे पाणी मातीतून निथळत खालच्या पायरीला पोचते. उन्हाळ्यात नुसत्या काँक्रीटपेक्षा झाडीचा पृष्ठभाग पुष्कळ थंड राहतो. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. आरंभी येथे ७६ जातींची सुमारे पस्तीस हजार झाडेझुडपे लावण्यात आली होती. पुढे जातींची संख्या १२० च्या घरात गेली, आणि या वाढीत माळ्यांप्रमाणेच पाखरांचाही वाटा आहे. फळ खाऊन पक्षी पायरीवर बसतो, विष्ठेतून बी पडते, आणि मातीचा आधार मिळताच ते रुजते. आपल्याकडे जुन्या भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवतो तो याच रीतीने. मात्र तेथे तो भिंत फोडतो म्हणून उपटावा लागतो, आणि येथे अशा आगंतुकासाठी जागा आधीच राखून ठेवलेली आहे.

दर्शनी भिंतीवर एकाच जातीची वेल चढवून इमारतीला निसर्गस्नेही म्हणवणारे पुष्कळ आहेत. त्या वेलीचा बहर ओसरला की फुलपाखराला तेथे काही उरत नाही. निरनिराळ्या ऋतूंत फुलणारी, फळणारी, पाने ढाळणारी झाडे एकत्र नांदली तरच कीटक व पक्षी वस्तीला येतात. म्हणून आराखड्याची पहिली रेघ ओढतानाच वनस्पतिशास्त्रज्ञाला बोलावणे अगत्याचे आहे. कारण मातीचा थर किती जाड असावा, तिचा ओला भार कोणत्या तुळयांनी पेलावा आणि पाणी कोठून निथळावे, हे इमारत उभी राहिल्यावर ठरवता येत नाही.