नको नको म्हणता म्हणता

नववीच्या वर्गात पहिलं महायुद्ध शिकवताना मी फळ्यावर दोन तारखा लिहीत असे. ७ मे १९१५ : जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' बुडवली. ६ एप्रिल १९१७ : अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. मुलांच्या गाईडमध्ये दोन्ही घटना एकाच वाक्यात असायच्या, पहिलीमुळे दुसरी झाली म्हणून. एका वर्षी अपशिंग्याहून एसटीने येणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, मधली दोन वर्षं ते काय करत होते?" आणि लगेच पुढे म्हणाली, "आमच्या गावातली माणसं तर तेव्हा लढायला गेली होती."

अपशिंगे मिलिटरी हे साताऱ्याजवळचं गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि त्याबरोबर हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला. अमेरिकेचं तसं नव्हतं. तिला स्वतःची संसद होती, निवडणुका होत्या, मोकळी वर्तमानपत्रं होती, युरोपपासून दूर ठेवणारा महासागर होता. बहुसंख्य लोकांना युद्ध नको होतं, अध्यक्षांनाही नको होतं. तरीही अडीच वर्षांच्या वादानंतर ती युद्धात गेली. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे बरीच वर्षं शोधत राहिले. माझं उत्तर असं, की अमेरिकेने युद्धाचा निर्णय घेतला तो १९१७ मध्ये नव्हे. १९१५ मध्ये तिने एक अट घातली आणि त्या अटीबरोबर निर्णय दुसऱ्याच्या हाती दिला.

अध्यक्ष वुड्रो विल्सन व्हर्जिनियात जन्मले आणि जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी वाढले. वडील पाद्री. यादवी युद्धात त्यांच्या चर्चमध्ये जखमी सैनिकांचं इस्पितळ झालं होतं. युद्धानंतर माणसांचं काय उरतं, हे या मुलाने सात-आठ वर्षांच्या वयात पाहिलं. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोप पेटला त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी एलेन वारल्या. त्याच महिन्यात त्यांनी देशाला विनंती केली, की केवळ वागण्यात नव्हे, विचारांतसुद्धा कुणाची बाजू घेऊ नका. ही काळजी पोकळ नव्हती. देशातली जवळपास तिसरा हिस्सा माणसं परदेशात जन्मलेली किंवा परदेशात जन्मलेल्यांची मुलं होती. मिलवॉकीच्या जर्मन वस्तीला आणि बॉस्टनच्या आयरिश वस्तीला ब्रिटनच्या बाजूने लढायला सांगणं म्हणजे घरातच भांडण लावणं होतं.

विचार तटस्थ ठेवता येतील, व्यापार कसा ठेवणार? ब्रिटनच्या आरमाराने उत्तर समुद्राची वाट बंद केली आणि अन्नधान्यसुद्धा युद्धसामग्रीच्या यादीत घातलं. त्यामुळे अमेरिकी माल जर्मनीला पोचेना. तोच माल ब्रिटन आणि फ्रान्सला मात्र हवा तेवढा विकता येत होता. गहू, कापूस, पोलाद, घोडे, काडतुसं असं सगळं जाऊ लागलं. दोन वर्षांत दोस्त राष्ट्रांकडे जाणारी निर्यात जवळजवळ चौपट झाली आणि जर्मनीकडे जाणारी नावापुरती उरली. १९१४ साली मंदीत असलेले कारखाने रात्रपाळ्या करू लागले. मॉर्गन बँक ब्रिटिश सरकारची खरेदी-दलाल झाली. युद्धाच्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी लढणाऱ्या देशांना कर्ज द्यायला विरोध केला होता. पैशानेच बाकी सगळं विकत घेता येतं, म्हणून निषिद्ध मालात तो सर्वांत वाईट, असं ते म्हणत. पण ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. युद्ध पुकारेपर्यंत दोस्तांचं देणं दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेलं होतं. जर्मनीला मिळालेली रक्कम तीन कोटींच्याही आत होती.

म्हणून सावकारांनी अमेरिकेला युद्धात ढकललं, हे मत आपल्याकडेही मोठ्या आत्मविश्वासाने मांडलं जातं. मला ते पटत नाही. नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीस ब्रिटनजवळचं तारण संपत आलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह मंडळाने बँकांना बजावलं, की दोस्तांच्या विनातारण हुंड्यांपासून जपून राहा. या इशाऱ्यामागे खुद्द विल्सन होते. सावकारांच्या तालावर नाचणारं सरकार असं करत नाही. व्यापाराने अमेरिकेचं हित एका बाजूला बांधलं, हे खरं. पण युद्धाचं कारण समुद्रावर तयार झालं.

त्या काळच्या सागरी नियमांनुसार शत्रूचं व्यापारी जहाज आधी थांबवायचं, तपासायचं, माणसांना सुरक्षित उतरवायचं आणि मगच बुडवायचं. मोठ्या युद्धनौकेला हे जमतं. पाणबुडी पृष्ठभागावर आली की तिच्याइतकं नाजूक जहाज नाही. कवच पातळ, माणसं तीस-पस्तीस, आणि व्यापारी जहाजावरच्या एका तोफगोळ्याने ती फुटते. ब्रिटिश कप्तानांना तर पाणबुडी दिसली की जहाज सरळ तिच्या अंगावर घाला असे आदेश होते. काही जहाजं तटस्थ देशांचे झेंडेही लावत. फेब्रुवारी १९१५ मध्ये खुद्द 'लुसिटानिया'ने अमेरिकेचा झेंडा लावून आयरिश समुद्र पार केला होता. जर्मनीने ब्रिटनभोवतीचं पाणी युद्धक्षेत्र जाहीर केलं आणि इशारा न देता टॉर्पेडो सोडायचं ठरवलं.

यावर १० फेब्रुवारी १९१५ रोजी वॉशिंग्टनहून बर्लिनला खलिता गेला. अमेरिकी जहाज किंवा अमेरिकी माणसाचा जीव गेला, तर जर्मन सरकारला पक्कं जबाबदार धरू, असा त्याचा आशय होता. मला हा खलिता सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. तो लिहिताना युद्धाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. जर्मनीला थोपवण्यासाठी दिलेली ती तंबी होती. पण तंबीत ज्या गोष्टीची अट असते ती करायची की नाही, हे समोरचा ठरवतो. आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी तसं हे होतं.

तीन महिन्यांनी ती अट प्रत्यक्ष तपासली गेली. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 'यू-२०' पाणबुडीने सोडलेला एक टॉर्पेडो 'लुसिटानिया'ला लागला आणि अवाढव्य जहाज १८ मिनिटांत बुडालं. सुमारे १,२०० माणसं मेली. त्यांत १२८ अमेरिकन होते, आणि लहान मुलंही पुष्कळ होती. जहाजात रायफलीची चाळीस लाखांवर काडतुसंही होती. न्यूयॉर्कहून ते सुटलं त्याच दिवशी जर्मन वकिलातीने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन प्रवाशांना सावध केलं होतं.

अमेरिकेत संतापाची लाट आली, पण युद्धाची मागणी करणारे फार थोडे होते. विल्सननी खलित्यांवर खलिते लिहिले. दुसऱ्या खलित्यावर सही करायला ब्रायननी नकार दिला आणि जूनमध्ये राजीनामा दिला. इतिहासाच्या पुस्तकांत ब्रायन बहुधा भाबडा, जुन्या वळणाचा माणूस म्हणून येतात. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, आणि मुलांना मी हा भाग सावकाश शिकवत असे. त्यांचं म्हणणं साधं होतं. जर्मनीला जाब विचारायचा तर अन्न अडवणाऱ्या ब्रिटनलाही तितक्याच कडकपणे विचारा. आणि लढणाऱ्या देशांच्या जहाजांतून प्रवास करू नका, असं आपल्या नागरिकांना सांगा. दारूगोळा नेणाऱ्या जहाजाने प्रवाशांच्या आडोशाने वाचायचं, हे बायकापोरांना फौजेपुढे उभं करण्यासारखं आहे, असं त्यांनी विल्सनना सांगितलं होतं. विल्सन यांचं उत्तरही नैतिकच होतं : ब्रिटन माल अडवतो, त्याची भरपाई होऊ शकते, जर्मनी माणसं मारतो, त्याची होत नाही. त्यात तथ्य आहे. पण नाकेबंदीमुळे जर्मनीत उपाशी राहणारी मुलंही माणसंच होती, आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाटे संपून लोकांना सलगमावर दिवस काढावे लागले.

१९१६ च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, ब्रायन यांच्याच विचाराचे ठराव आले : सशस्त्र परदेशी जहाजांतून प्रवास करू नये, असं नागरिकांना बजावा. विल्सननी सगळं वजन खर्च करून ते बाजूला सारायला लावले. एका हक्कावर माघार घेतली तर पुढे एकेक सोडावा लागेल, असं त्यांचं मत होतं. मार्चमध्ये इंग्लिश खाडीत 'ससेक्स' या प्रवासी बोटीवर हल्ला झाला. या वेळी विल्सननी संबंध तोडण्याची धमकी दिली आणि मे महिन्यात जर्मनीने वचन दिलं, की इशाऱ्याशिवाय व्यापारी जहाजं बुडवणार नाही. राजनीतीचा हा मोठा विजय मानला गेला. पण आता मागे फिरायला जागाच उरली नाही. जर्मनीने वचन मोडलं की अमेरिकेला पुढचं पाऊल टाकावंच लागणार होतं.

नोव्हेंबरात, अध्यक्षांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं, या प्रचारावर विल्सन पुन्हा निवडून आले. २७७ विरुद्ध २५४ असा निसटता निकाल होता, आणि कॅलिफोर्नियातल्या चार हजारांहून कमी मतांनी तो ठरला. पुढचे दोन महिने विल्सन समेटासाठी झटत होते. २२ जानेवारी १९१७ च्या सिनेटमधल्या भाषणात त्यांनी कुणाचाच विजय नसलेल्या तहाची कल्पना मांडली.

युद्धाचा निर्णय तोवर झाला होता. ९ जानेवारीला सायलेशियातल्या प्लेस इथल्या राजवाड्यात जर्मनीचे कैसर, सेनापती आणि चॅन्सेलर बेटमान-होलवेग बसले होते. नौदलप्रमुख होल्ट्झेनडोर्फ यांनी आकडेमोड करून ठेवली होती : बंधनं उठवली तर पाणबुड्या महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवतील आणि पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका युद्धात उतरेल हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पण तिचं खडं सैन्य सव्वा लाखाच्या आसपास. ते जमवून, शिकवून, महासागर ओलांडून येईस्तोवर सगळं आटोपलेलं असेल. बेटमान-होलवेग यांना हा डाव आवडला नव्हता, तरी अखेर ते गप्प बसले. ज्या देशाने अडीच वर्षं वाद घातला, त्याचं भवितव्य असं एका परक्या राजवाड्यात ठरलं. ३१ जानेवारीला वॉशिंग्टनला कळवण्यात आलं, की उद्यापासून इशारा मिळणार नाही. विल्सननी संबंध तोडले, तरी युद्ध पुकारलं नाही. प्रत्यक्ष कृती दिसेपर्यंत विश्वास ठेवणार नाही, असं ते म्हणाले.

मग ती तार आली. जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांनी मेक्सिकोला सुचवलं होतं, की अमेरिकेशी युद्ध झालंच तर आमच्या बाजूने उतरा. टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला आम्ही साथ देऊ. समेटाची बोलणी सोपी व्हावीत म्हणून विल्सननी जर्मनांना अमेरिकी सरकारची तारयंत्रणा वापरू दिली होती, आणि ही तार गेली ती त्याच वाटेने. ब्रिटिशांनी सांकेतिक लिपी उलगडून ती वॉशिंग्टनला दिली. १ मार्चला ती छापून आली. पुष्कळांना ती बनावट वाटली. दोन दिवसांनी त्सिमरमान यांनी स्वतःच ती खरी असल्याचं कबूल केलं. समुद्रावरच्या हक्कांचा वाद किनाऱ्यावरच्या शहरांपुरता होता. टेक्ससच्या शेतकऱ्याला तो दूरचा वाटे. जमिनीची गोष्ट त्याला लगेच कळली. मेक्सिकोने पुढे हा प्रस्ताव नाकारला.

मार्चच्या मध्यास तीन दिवसांत तीन अमेरिकी जहाजं बुडाली. २० मार्चला मंत्रिमंडळाचं एकमत झालं. २ एप्रिलच्या रात्री विल्सननी काँग्रेसकडे युद्ध मागितलं. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस म्हणाले, की आपण राष्ट्रध्वजावर डॉलरची खूण उमटवतो आहोत. मोंटानातून निवडून आलेल्या जेनेट रँकिन या अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या स्त्री. सभागृहात येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. पहिल्या पुकाऱ्याला त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या वेळी उठून म्हणाल्या, की देशाच्या पाठीशी उभं राहायचंय, पण युद्धाला मत देता येत नाही. साताऱ्यातल्या मुलींना मी हे नाव वहीत लिहून घ्यायला लावत असे.

युद्ध नको असलेल्या देशाला लढायला लावण्यासाठी मग घरातच बळ वापरावं लागलं. पुरेसे स्वयंसेवक येईनात, म्हणून मे महिन्यात सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला; त्याखाली समाजवादी नेते युजीन डेब्स यांना एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या गदर पक्षाच्या माणसांवरही याच काळात सान फ्रान्सिस्कोत खटला चालला. जर्मनीशी संगनमत करून ब्रिटिश राजवट उलथण्याचा कट, असा आरोप होता. त्या पक्षाच्या उभारणीत असलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तोवर अमेरिकेबाहेर पडले होते.

होल्ट्झेनडोर्फ यांचा आकडा चुकला नाही. एप्रिल १९१७ मध्ये आठ लाखांवर टन जहाजं बुडाली. पण दोस्तांनी जहाजांचे तांडे करून संरक्षणात न्यायला सुरुवात केली, ब्रिटन तगला, आणि १९१८ संपेपर्यंत वीस लाख अमेरिकी सैनिक फ्रान्सला पोचले होते. सुमारे १,१६,००० परतले नाहीत. त्यांतले निम्म्याहून जास्त रोगाने गेले, बरेचसे इन्फ्लुएन्झाच्या साथीत.

ब्रायन १९२५ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, युरोपात पुन्हा ढग जमू लागले तेव्हा, अमेरिकी काँग्रेसने एकामागून एक तटस्थतेचे कायदे करायला सुरुवात केली : लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही, आणि नागरिकांनी त्यांच्या जहाजांतून प्रवास करायचा नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी ब्रायन युद्धाच्या पहिल्याच वर्षात मागत होते. या वेळी समोर हिटलर होता. १९१५ साली शहाणपणाची ठरली असती ती बंधनं १९३९ मध्ये आक्रमकाच्या फायद्याची झाली, आणि त्यावर्षी शस्त्रविक्रीची बंदी उठवली गेली. डिसेंबर १९४१ मध्ये पुन्हा मतदान झालं. रँकिन पुन्हा निवडून आल्या होत्या. जपानविरुद्धच्या युद्धाला नाही म्हणणारं मत या वेळी त्यांचं एकटीचंच होतं.