पाचगणीचा पियानोवाला
'वी विल रॉक यू'च्या त्या दोन 'धप्प' आणि एका टाळीवर गणपतीत नाचला असाल, तर हे वाचाच! क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यात शिकला.

मूळ नाव फारुख बलसारा. पारशी घर, जन्म झांझिबारचा, १९४६ चा. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथेच तो 'फ्रेडी' झाला आणि १९५८ च्या सुमारास मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी पियानोवर! क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही पोरं वाजवायची. क्वीनचं १९७९ चं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' ऐका, त्यात मला तो पन्नाशीच्या दशकातला रॉक अँड रोल अजून ऐकू येतो.

क्वीनचंच 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' (१९७५) तर जवळजवळ सहा मिनिटांचं. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण लावणार, असं लोक म्हणत होते. ब्रिटनमध्ये ते सलग ९ आठवडे पहिलं राहिलं! त्यातला पियानोही फ्रेडीचाच.



'वी विल रॉक यू' मात्र गिटारवादक ब्रायन मे याचं. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं 'वी आर द चॅम्पियन्स' फ्रेडीचं. दोन्ही १९७७ ची, लागोपाठच ऐका.