तोफखान्यातून तंत्रउद्योगाकडे

सैन्यातली नोकरी इतर सरकारी नोकऱ्यांसारखी साठीच्या घरात संपत नाही. शिपाई म्हणून भरती झालेला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गावी परततो. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडतो. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षे सेवा लागते, त्यामुळे त्याच्या हाती पेन्शनही नसते. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने हे वय आणखी खाली आणले. या योजनेतल्या सैनिकाची, म्हणजे अग्निवीराची, सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम केले जाते आणि बाकीचे ऐन पंचविशीच्या आतबाहेर मोकळे होतात. तिन्ही दले मिळून देशात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास सैनिक निवृत्त होत आले आहेत. त्यांच्यासाठी मळलेली वाट म्हणजे बँकेच्या दारावरची सुरक्षारक्षकाची नोकरी, पोलीस किंवा इतर सरकारी भरतीतले राखीव पद, नाहीतर घरची शेती. गेल्या काही वर्षांत तिला एक नवा फाटा फुटला आहे. सैन्यात हाताळलेल्या तंत्राच्या बळावर स्वतःची कंपनी काढण्याची ही वाट कशी आहे, हे पाहायला नाशिकइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच असेल.

छावणी आणि कारखाने

नाशिकला सैन्य आणि यंत्र दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात. देवळालीला तोफखान्याचे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, तर नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात नवे तोपची घडतात. आता अग्निवीरांच्या तुकड्याही तिथूनच बाहेर पडतात. गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये इथूनच उत्तीर्ण झाल्या. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ पासून आहे. तिथे आधी मिग, मग सुखोई-३० विमाने बनली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए जातीच्या विमानाने ओझरहून पहिले उड्डाण केले.

दुसरीकडे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत महिंद्र, बॉश यांसारख्या मोठ्या कारखान्यांना आणि एचएएलला सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप आहेत. लेथ, व्हीएमसी, शीटमेटल, पावडर कोटिंग अशी सगळी कामे पाच-दहा किलोमीटरच्या टापूत होतात. पहिला नमुना बनवायला निघालेल्या माणसाला हे मोठे भांडवल आहे, कारण एखादा ब्रॅकेट चुकला तर संध्याकाळपर्यंत दुसरा करून मिळतो.

तोफखाना काय शिकवतो

तोफखाना म्हटले की धडधडणारी तोफ डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते बरेचसे गणिताचे आणि दळणवळणाचे काम आहे. तोफेवरच्या माणसाला लक्ष्य बहुतेक वेळा दिसतच नाही. ते दिसते काही किलोमीटर पुढे, उंचावर बसलेल्या ओपी (निरीक्षण चौकी) अधिकाऱ्याला. तो लक्ष्याचा ग्रिड आणि दिशा रेडिओवरून मागे कळवतो. कमांड पोस्टमध्ये अंतर, उंचीतला फरक, दारूचे तापमान, वारा, हवेचा दाब या सगळ्याचा हिशेब होऊन तोफेचा कोन ठरतो. मग एक चाचणीचा गोळा सुटतो. तो अलीकडे पडला तर ओपीकडून ‘ॲड’ आणि पलीकडे गेला तर ‘ड्रॉप’ असा निरोप येतो. दोन्ही बाजूंनी लक्ष्य कैचीत सापडले की कैची निम्म्या-निम्म्याने आवळत नेतात, आणि नेम बसल्यावरच सगळ्या तोफा एकदम बोलतात.

या पद्धतीत तीन सवयी अंगी बाणतात: मोजल्याशिवाय बोलायचे नाही, पहिला प्रयत्न चुकणारच हे धरून चालायचे, आणि चूक किती व कोणत्या बाजूला हे लगेच कळवायचे. नवे उत्पादन घडवणाऱ्या कंपनीला नेमके हेच लागते. त्यात आजच्या तोफखान्याकडे टेहळणीची ड्रोन, शत्रूच्या तोफा हुडकणारी रडार आणि संगणकावर चालणारी अग्निनियंत्रण प्रणाली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीला के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा दाखल झाल्या. अशी यंत्रे बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या हवालदाराला ती कुठे अडतात, थंडीत बॅटरी किती टिकते, धुळीने कोणता कनेक्टर जातो, हे कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा जास्त ठाऊक असते. अडचण आतून माहीत असणे हेच माजी सैनिकाचे खरे भांडवल आहे.

गणवेशापासून कंपनीपर्यंत

याचे दाखले जगभर आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलात अधिकारी असलेल्या अकिओ मोरिता यांची मासारू इबुका यांच्याशी गाठ पडली ती युद्धकाळातल्या एका संशोधन समितीत. दोघांनी १९४६ मध्ये काढलेली कंपनी पुढे सोनी म्हणून नावारूपाला आली. इस्रायलच्या लष्कराच्या ८२०० या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या गिल श्वेड यांनी १९९३ मध्ये साथीदारांसह चेक पॉइंट ही संगणक सुरक्षेची कंपनी स्थापली. भारतात हवाई दलाचे माजी लढाऊ वैमानिक समीर जोशी यांनी सहसंस्थापक म्हणून बंगळुरूत न्यूस्पेस ही कंपनी उभी केली. थव्याने उडणारी तिची ड्रोन भारतीय लष्कराने घेतली आहेत.

काही जण नोकरी न सोडताही हेच काम करतात. ‘अस्मी’ या ९ मिलिमीटरच्या मशीन पिस्तुलाची जानेवारी २०२१ मध्ये माहिती जाहीर झाली. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याची एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी ते चार महिन्यांत तयार केले. काही भागांसाठी थ्रीडी प्रिंटिंग वापरले आणि उत्पादन हैदराबादच्या एका खासगी कंपनीकडे गेले. शस्त्र वापरणारा, प्रयोगशाळा आणि कारखाना असे तिघे एका टेबलाशी बसले की काम किती वेगाने होते, हे त्यातून दिसले. नाशिकमध्ये हे तिघेही हाकेच्या अंतरावर आहेत. कोइम्बतूरपाठोपाठ डिफेन्स इनोव्हेशन हबसाठी २०१९ मध्ये नाशिकची निवड जाहीर झाली, त्यामागचा विचारही हाच होता.

सरकारी दार

संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये आयडेक्स ही योजना सुरू केली. सैन्यदले आपल्या अडचणी जाहीर करतात. नवउद्योग, छोटे कारखाने, अगदी एकटे संशोधकही त्यावर तोडगा सुचवतात. निवड झाली तर नमुना बनवण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते; मोठ्या प्रकल्पांसाठी ही मर्यादा दहा कोटी, तर अदिती या पुढच्या योजनेत पंचवीस कोटींपर्यंत आहे. मात्र अनुदान जुळवणीचे असते, म्हणजे सरकार देईल त्याच्या बरोबरीने कंपनीलाही आपला वाटा उचलावा लागतो.

नमुना चालला म्हणजे माल खपला असे नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर ते जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाच्या चाचण्यांतून जाते. त्याला कडाक्याची थंडी आणि ऊन, दमट हवा, धूळ, हादरे, आपटणे असे सगळे सोसावे लागते. पुढे मैदानी चाचण्या. पारंपरिक खरेदीत या चाचण्या ‘ना खर्च, ना बांधिलकी’ या अटीवर होतात; माल नेण्या-आणण्याचा खर्च कंपनीचा, आणि खरेदीचे वचन नाही. पसंती आणि प्रत्यक्ष ऑर्डर यांत वर्षे जाऊ शकतात. त्या काळात दहा माणसांचा पगार आणि वर्कशॉपचे भाडे चालूच राहते. चांगला नमुना हाती असूनही कंपन्या बुडतात त्या इथेच.

सैन्य काय शिकवत नाही

सैन्यात साधन मागणीपत्रावर मिळते. त्याची किंमत, उधारी, जीएसटी यांच्याशी युनिटमधल्या माणसाचा फारसा संबंध येत नाही. हुकूम दिला की तो पाळला जातो. बाजारात ग्राहक हुकूम ऐकत नाही आणि अंबडचा वर्कशॉपवाला हुद्दा पाहून पार्ट आधी देत नाही. सुभेदार साहेबांना इथे विशीतल्या प्रोग्रामरचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. म्हणून एकट्याने उडी घेण्यापेक्षा हिशेब आणि विक्री जाणणारा भागीदार सोबत असलेला बरा.

ग्राहक सैन्यच असला पाहिजे असेही नाही. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचे ड्रोन हा डोळ्यांत भरणारा धंदा आहे, आणि ड्रोन उडवण्याचे प्रमाणपत्र दहावी पास, अठरा ते पासष्ट वर्षांच्या कोणालाही मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन मिळू शकते. परंतु द्राक्षाची वेल मांडवावर असते आणि डाउनी मिल्ड्यूची बुरशी पानाच्या खालच्या अंगाला वाढते. वरून पडलेले औषध तिथवर नीट पोचत नाही. ट्रॅक्टरचा ब्लोअर खालून मारा करतो, म्हणून बागायतदार त्याला सोडत नाही. पावसाने चिखल होऊन ट्रॅक्टर बागेत शिरत नाही, त्या दिवसांत मात्र ड्रोनला गिऱ्हाईक आहे. ही बारकी गोष्ट बागेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या परिसरात ड्रोनवर निर्बंध असतात. ओझर आणि देवळाली असलेल्या जिल्ह्यात डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय काम घेणे धोक्याचे.

पैसा आणि कायदा

जवानाच्या हाती निवृत्तीला ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनचा काही भाग विकून आलेली एकरकमी रक्कम असते. सैनिकांना निम्म्या पेन्शनपर्यंत अशी विक्री करता येते. त्या बदल्यात पंधरा वर्षे पेन्शन कमी मिळते. अग्निवीराला पेन्शन नाही. चार वर्षांनी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात आणि ते करमुक्त असतात. यातली सगळी पुंजी यंत्रांत घालणे हा जुगार ठरतो. घरखर्चाची दोन वर्षांची सोय बाजूला काढून उरलेल्या पैशांत नमुना बसतो का, हे आधी पाहावे.

सेवेत असताना खासगी धंदा करता येत नाही. नोकरीत घडवलेले उपकरण स्वतःचे म्हणून विकता येत नाही. त्याचे पेटंट आणि तंत्रज्ञान हस्तांतर लष्कराच्या मार्गानेच होते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. अनुभव बरोबर न्यावा. नकाशे, कागद, आकडे नेऊ नयेत.

तयारीला मात्र बंदी नाही. पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या शेवटच्या टप्प्यात अभ्यासक्रम चालवते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात योजनांची माहिती मिळते. नमुना आणि मोजमाप चाचणीसाठी अंबडला इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या जवानाने त्या काळात एकच अडचण निवडून ती किती जणांना आहे आणि ती सोडवायला ते किती पैसे मोजतील, याची विचारपूस करावी. कंपनीची नोंदणी काही दिवसांत होते, पैसे मोजणारा पहिला ग्राहक मिळायला मात्र वर्ष जाऊ शकते. म्हणून आधी ग्राहक शोधावा, कंपनी मागाहून काढावी.