गोळीचे पाकीट उलटून बघा

अब्बांच्या गोळ्या आमच्या घरी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. २०२२ सालच्या डिसेंबरअखेर अम्मी तो डबा पुसायला बसली आणि थबकली. एक तारखेला आणलेली शुगरच्या गोळ्यांची सहा पाकिटे महिनाअखेर संपायला हवी होती. त्यांतली दोन तशीच होती. म्हणजे दर तीन गोळ्यांमागे एक गोळी अब्बांनी घेतलीच नव्हती. अम्मीने आम्हा भावंडांना बोलावले. कोणी काही बोलेना. शेवटी अब्बाच म्हणाले, "एकाद टाइम नहीं खाया तो क्या होता रे? छोटी की फीस भरनी थी ना."

अब्बांचे सारे आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेले. कामावर त्यांनी कधी खाडा केला नाही. बेगम पेठेतले भाड्याचे घर सोडून आम्ही जुळे सोलापुरात आलो, घराचा हप्ता सुरू झाला, आणि कुठला खर्च कमी करायचा याचा हिशेब अब्बांनी कोणाला न विचारता स्वतःच्या औषधावर केला. गोळ्या चालू असूनही साखर उतरत नाही असे पाहून डॉक्टरांनी आदल्या महिन्यात आणखी एक गोळी वाढवली होती. त्यांना खाडे माहीतच नव्हते. गोळी वाढली म्हणून बिल वाढले आणि बिल वाढले म्हणून खाडे वाढले.

हे फक्त आमच्याच घरातले नाही, हे नंतर नातेवाइकांकडे विचारल्यावर कळले. कोणी बीपीची गोळी एक दिवस आड घेते, कोणी अर्धी मोडून खाते, कोणी पगार होईपर्यंत थांबते. ताप आला तर माणूस औषध चुकवत नाही. बीपी आणि शुगर मात्र दुखत नाहीत, त्यामुळे खाडा केला तरी त्या दिवशी काही होत नाही. जे व्हायचे ते पुढे लकवा, किडनी किंवा डोळ्यांच्या रूपाने समोर येते. तेव्हा वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे जातात. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. त्यात मोठा वाटा औषधांचा असतो.

आमच्या खालाजानच्या सांगण्यावरून आम्ही अब्बांचा कागद घेऊन जनऔषधी केंद्रात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी कागदाआधी रिकामे पाकीट मागितले, ते उलटले आणि मागची बारीक अक्षरे वाचली: सिटाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. त्या म्हणाल्या, "पुढे असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. औषधाचं नाव मागे असतं. तुम्ही ते लक्षात ठेवा."

या औषधाचा हिशेब सांगण्यासारखा आहे. सिटाग्लिप्टिनचे पेटंट आपल्या देशात जुलै २०२२मध्ये संपले. पेटंट असेपर्यंत मूळ कंपनी किंवा तिची परवानगी असलेल्यांनाच औषध विकता येते. पेटंट संपले की इतरही ते बनवू शकतात आणि भाव उतरतो. सप्टेंबर २०२२मध्ये सरकारने हे औषध जनऔषधी केंद्रांत आणले. अब्बा घेतात त्या जोडगोळीच्या दहा गोळ्यांचा भाव ६५ रुपये ठेवला. त्या वेळी नावाजलेल्या ब्रँडच्या दहा गोळ्या १६२ ते २५८ रुपयांना होत्या. महिन्याच्या सहा पाकिटांचे तेव्हा जनऔषधीत ३९० रुपये होत होते. ब्रँडचे कमीत कमी ९७२ रुपये होत होते. छोटीच्या फीचा प्रश्न या फरकातच होता.

अब्बांना मात्र भाव ऐकून आनंद झाला नाही, शंका आली. "इतक्या स्वस्तात? पाणी मिसळलं असेल." ही शंका घरोघरी आहे. तिचे उत्तर सरळ द्यायला हवे.

जनऔषधीची सुरुवात नोव्हेंबर २००८मध्ये अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या दुकानाने झाली. आज देशभर १५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि यादीत दोन हजारांहून अधिक औषधे. आघाडीच्या तीन ब्रँडची सरासरी किंमत काढायची आणि तिच्या निम्म्याहून जास्त भाव ठेवायचा नाही, असा या योजनेचा नियम आहे. औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचे प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून घेतली जातात आणि प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्यावरच दुकानात जाते. ब्रँडच्या किमतीत जाहिरात, डॉक्टरांकडे फिरणारे प्रतिनिधी आणि मधल्या साखळीचा नफा असतो. तो वगळला की औषध तेच राहते, भाव उतरतो.

यात आपल्या माणसांचाही वाटा आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव १० हजार डॉलरच्या वर होता. त्या जेनेरिक औषधांनी पुढे आफ्रिकेत लाखो जीव वाचले. स्वस्त औषध हलके असते, असे मानायला काही आधार नाही.

मग प्रत्येक कागदावर स्वस्त औषध का येत नाही? डॉक्टरांनी ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर १९४५च्या औषध नियमांप्रमाणे दुकानदाराला चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या जागी दुसरे औषध परस्पर देता येत नाही, मग आतला घटक तोच का असेना. डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये काढला, पण डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात तो स्थगित झाला. म्हणून तपासणी संपता संपता आपणच म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, ब्रँडच्या शेजारी औषधाचं नावही लिहून द्या." आम्ही तसे म्हटले आणि खाड्यांचीही कबुली दिली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा लिहिला आणि वाढवलेली गोळी काढून टाकली. म्हणाले, आधी हीच रोज घ्या, मग बघू.

काही औषधे अगदी मोफतही मिळतात. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत बीपी-शुगरची तपासणी होते आणि नेहमीच्या गोळ्या विनामूल्य देतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

अनेकांचा एक गैरसमज असतो: "आपल्याकडे योजनेचं कार्ड आहे." आज महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेली जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले सोलापूर होते. आता तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. ती दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी, ऑपरेशनसाठी आहे. रोजची गोळी त्यात बसत नाही. लकवा झाल्यावर कार्ड कामाला येईल. लकवा होऊ नये म्हणून लागणारी गोळी आपल्यालाच स्वस्तात मिळवावी लागते.

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाकिटाच्या मागचे नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळले पाहिजेत. नावापुढे एसआर, एक्सआर अशी अक्षरे असतील तर तीही जुळली पाहिजेत, कारण ती गोळी हळूहळू विरघळणारी असते. फिट्सची, थायरॉइडची आणि रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. केंद्रात कधी कधी एखादे औषध संपलेले असते, म्हणून शेवटचे पाकीट उघडले की लगेच जावे आणि आधी फोन करून विचारावे. 'जनऔषधी सुगम' या मोबाइल ॲपवर जवळचे केंद्र आणि भाव दिसतात. मुलींच्या मायांनी हेही ध्यानात ठेवावे, की तिथे 'सुविधा' सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळते. बिल मात्र प्रत्येक वेळी घ्यावे.

रमजान येण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. सहेरी आणि इफ्तारच्या वेळा धरून गोळ्यांची वेळ आणि मात्रा ते ठरवून देतात. शुगरच्या कोणत्या रुग्णाने रोजा धरू नये, हेही तेच सांगू शकतात. आपल्या मनाने गोळी सोडणे म्हणजे पुन्हा खाडाच.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. गरजू घरात एकदा रेशन पोहोचते, आणि ते पोहोचलेच पाहिजे. पण बीपीची गोळी वर्षाचे बाराही महिने लागते. मोहल्ल्यातल्या एखाद्या बेवा खालाच्या औषधाचा वर्षभराचा खर्च चार घरांनी मिळून उचलायचा ठरवला, तर ब्रँडच्या भावात जेमतेम एकीचा भागेल तिथे जनऔषधीच्या भावात दोघींचा भागतो. पैसे देण्याबरोबर दर महिन्याला कोणी तरी डबाही उघडून बघावा. गोळ्या उरल्या असतील तर प्रेमाने विचारावे.

मार्चमध्ये अब्बांची तपासणी पुन्हा झाली. साखर उतरली होती. अब्बा म्हणाले, नवी गोळी चांगली आहे. आम्ही म्हटले, गोळी तीच आहे अब्बा, आता ती रोज पोटात जाते.

आता जुम्याच्या नमाजनंतर अब्बांना घरी यायला उशीर होतो. त्यांचे जुने सोबती खिशातून गोळ्यांची पाकिटे काढतात, आणि अब्बा चष्मा नाकावर सरकवून एकेक पाकीट उलटे करून मागचे नाव वाचून दाखवतात.