विमानाचा पंख आणि हवेची फुंकर

विमान वेगाने उडविणे जितके कठीण, तितकेच ते संथपणे उतरविणेही कठीण असते. उतरण्याचा वेग एक-पंचमांशाने कमी केला, तर विमानाची गतिज ऊर्जा शेकडा 36 ने घटते व आखूड धावपट्टी पुरते. परंतु पंखाची उत्थापक प्रेरणाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तीही तितकीच घटते. ही उणीव भरून कशी काढावयाची?

पंखाच्या मागील कडेची झडप खाली वळविली की प्रेरणा वाढते. मात्र ती फार वळविल्यास पृष्ठभागालगतचा हवेचा मंदावलेला थर पृष्ठभागापासून सुटतो आणि लाभ निष्फळ होतो. या थराची, म्हणजे सीमास्तराची, उपपत्ती लुडविग प्रांट्ल यांनी 1904 मध्ये मांडली. 1951 मध्ये प्रथम उडालेल्या ‘एचटी-2’ या भारतीय शिक्षण-विमानाचे अभिकल्पक डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्यांचेच शिष्य होत.

यावर उपाय फुंकरीचा. एंजिनाच्या संपीडकातील हवा अरुंद फटीतून झडपेवर वेगाने सोडली, की मंदावलेल्या थरास नवा जोर मिळतो. नळाच्या धारेला चमच्याची फुगीर बाजू लावून पाहावी. धार चमच्याला बिलगून वळते, तशीच ही हवा झडपेला बिलगते. नाशिकजवळील ओझर येथे 1970 च्या दशकात तयार झालेल्या ‘मिग-21 एम’ विमानांत हीच योजना होती.

अशा पंखाची परीक्षा प्रथम वातविवरात होते. बंगळुराच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1959 मध्ये मोठे मंदवेगी वातविवर सुरू झाले. पोकळ प्रतिकृती तुलेवर बसवून तीत नळीने दाबाची हवा सोडतात. येथे दोन ठिकाणी फसगत संभवते. हवेची नळी व झोत स्वतःच तुलेला ढकलतात. म्हणून वारा बंद ठेवून, केवळ फुंकर सोडून तो हिस्सा आधी मोजतात व नंतर वजा करतात. तसेच खाली वळलेला प्रबळ झोत विवराच्या तळावर आदळून प्रवाह बिघडवितो. त्याचीही दुरुस्ती करावी लागते.

शेवटी फुंकर पूर्ण बंद ठेवूनही मापन होते, कारण उतरताना एंजिन मंदावले की फुंकरही क्षीण होते. त्या क्षणी पंख किती भार पेलील, हे वैमानिकाला आधी ठाऊक असणे अत्यावश्यक असते. तो आकडा आकाशात नव्हे, वातविवरातच शोधावयाचा असतो.