रॅकेट तीच, हात निराळा

नाचता येईना, अंगण वाकडे ही म्हण टेनिसच्या मैदानावर वारंवार ऐकू येते. चेंडू नेटमध्ये अडकला की खेळाडू प्रथम आपल्या रॅकेटकडे पाहतो, तारांवरून बोटे फिरवतो, आणि बघणारे हसतात. हसू येणे स्वाभाविक आहे. तथापि ह्या खेळात कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. आणि अधिक नवलाची गोष्ट अशी, की जे अंगण एकास वाकडे तेच दुसऱ्यास अगदी सरळ असते. एकाच रॅकेटने एक मुलगा चेंडू मागच्या रेषेबाहेर घालवतो, दुसऱ्याचा चेंडू नेटच्या पलीकडे जेमतेम पडतो, तर तिसऱ्याचा हात आठ दिवसांत दुखू लागतो. असे का व्हावे, ह्याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी टेनिस खेळणारे थोडेच आहेत हे आम्ही जाणतो. पण विटीदांडूचा दांडू निवडताना आपण तो हातात तोलून पाहतो की नाही? प्रश्न तोच आहे.

प्रथम चेंडू आणि तारा ह्यांची गाठ पडते तेव्हा काय घडते ते पाहू. चेंडूचे वजन नियमाप्रमाणे 56 ते 59.4 ग्रॅम असते, आणि तो तारांवर टेकतो तो काळ सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्यास लागतो त्याहूनही पुष्कळच कमी. एवढ्यात चेंडू चपटा होतो, तारा मागे दबतात, आणि दोन्ही पुन्हा पूर्वस्थितीस येऊ लागतात. येथे मौज अशी आहे की दबलेल्या तारा आपणांत साठलेली बहुतेक सर्व शक्ती परत देतात, पण दबलेला चेंडू मात्र तसे करीत नाही. शंभर इंचांवरून सिमेंटवर सोडलेला चेंडू अर्ध्याहून थोडाच वर उसळतो. उरलेली शक्ती त्याच्या रबरात व हवेत उष्णता होऊन नाहीशी होते. म्हणून तारा सैल असल्या म्हणजे त्या अधिक दबतात, चेंडू कमी चपटा होतो, शक्ती कमी वाया जाते आणि चेंडू वेगाने परततो. तारा ताठ असल्या म्हणजे सगळा भार चेंडूवर येतो व तो मंद होतो. 'घट्ट तारा म्हणजे जोरदार फटका' असा जो सार्वत्रिक समज आहे, तो अगदी उलटा आहे.

मग घट्ट तारा कोणी लावाव्यात? ज्याच्या हातात वेग आधीच भरपूर आहे, त्याने. ह्याचे सुंदर उदाहरण 1980 आणि 1981 ह्या दोन वर्षांच्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत दिसले. दोन्ही वेळा स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग आणि अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो समोरासमोर होते; दोघांच्याही हातांत लाकडीच रॅकेट होती. पण बोर्गच्या तारा सुमारे 80 पौंडांच्या ताणावर ओढलेल्या असत. हा ताण इतका प्रचंड, की रात्री खोलीत ठेवलेल्या रॅकेटची तार आपोआप तुटल्याचा आवाज होई, असे सांगतात. मॅकेन्रोच्या तारा त्याहून पुष्कळच सैल. कारण उघड आहे. बोर्ग मागच्या रेषेवर उभा राहून लांबलचक, वेगवान झोका घेई आणि चेंडूस वरून फिरकी देई. वेग त्याचा स्वतःचा होता, त्यास हवी होती ती खात्री, की चेंडू आत पडेल. मॅकेन्रो नेटजवळ धावत येऊन आखूड हाताने, समोरच्याचाच वेग उसना घेऊन चेंडू नुसता वळवून देई; त्यास तारांची मऊ, क्षणभर धरून ठेवणारी लवचीकता हवी होती. पहिल्या वर्षी बोर्ग जिंकला, दुसऱ्या वर्षी मॅकेन्रो. दोघांनी रॅकेटींची अदलाबदल केली असती तर काय झाले असते, ह्याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

हाच प्रकार आम्ही लहान प्रमाणावर करून पाहिला. सुमारे 300 ग्रॅम वजनाची एक साधी रॅकेट आमच्या दोन विद्यार्थ्यांस आळीपाळीने दिली. एक दहावीतील उंच मुलगा, खांदे भरलेले, हाताचा झोका मोठा. दुसरी आठवीतील मुलगी, चपळ, पण झोका आखूड. तारा सैल असताना मुलाचे निम्मे चेंडू मागच्या रेषेबाहेर गेले आणि मुलीचे चेंडू छान खोल पडले. त्याच रॅकेटला नव्या तारा अधिक ताणून बसविल्या, तेव्हा मुलाचे चेंडू रेषेच्या आत येऊ लागले आणि मुलीचे नेटच्या थोडे पलीकडे पडू लागले. मुलगा म्हणाला, "सर, आता ही रॅकेट सुधारली." मुलगी म्हणाली, "सर, बिघडली." दोघेही खरे बोलत होते.

आता चौकटीचा आकार. लाकडी रॅकेटचे डोके साधारण 65 ते 70 चौरस इंचांचे असे. लाकूड ह्याहून मोठ्या घेराचा ताण सहन करीत नसे. पुढे धातू आणि त्यानंतर कार्बनचे तंतू आले तेव्हा हे बंधन सुटले. 1976 साली हॉवर्ड हेड ह्या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेतून 'प्रिन्स' कंपनीची 110 चौरस इंचांची रॅकेट बाजारात आली, तेव्हा जाणत्या खेळाडूंनी तिची टर उडविली. हे म्हाताऱ्यांचे व नवशिक्यांचे हत्यार, असे ते म्हणत. पण दोनच वर्षांनी, 1978 साली, पॅम श्रायव्हर नावाची सोळा वर्षांची शाळकरी मुलगी ही मोठी रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. तेथे ती ख्रिस एव्हर्टकडून हरली खरी. पण नंतर हसणारे कमी झाले.

मोठ्या डोक्याचा खरा गुण वेग हा नव्हे. क्षमा हा आहे. चेंडू मध्यावर न लागता कडेला लागला की रॅकेट हातात पिळली जाते आणि चेंडू भलतीकडे जातो. ह्या पिळण्यास रॅकेटचा विरोध तिच्या रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वजन तेच ठेवून रुंदी सव्वापट केली, तर विरोध दीडपटीहून अधिक होतो. ज्याचा चेंडू दहांपैकी सहा वेळा कडेला लागतो, त्यास ही क्षमा म्हणजे खेळाची गोडी टिकविणारी गोष्ट होय.

मग ज्याचा चेंडू नेहमी मध्यावरच लागतो त्यास मोठे डोके नको असे समजावे काय? येथे आम्हांस दोन थोर प्रतिस्पर्धी आठवतात. पीट सॅम्प्रस आयुष्यभर 85 चौरस इंचांची जड रॅकेट वापरून एकेरीची 14 मोठी विजेतेपदे मिळवून गेला. त्याचाच समकालीन आंद्रे अगासी 107 चौरस इंचांच्या रॅकेटने अशी 8 मिळविता झाला. सॅम्प्रसची सर्व्हिस आणि नेटजवळचा खेळ ह्यांस जडपणा व नेमकेपणा हवा होता. अगासी समोरून आलेली तुफान सर्व्हिस चेंडू उसळताक्षणीच परतवीत असे. अशा घाईत प्रत्येक वेळी तारांचा मध्य कोठून साधणार? 2002 सालच्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सॅम्प्रस जिंकला आणि तो त्याचा अखेरचा सामना ठरला. पण त्यावरून लहान डोके श्रेष्ठ ठरले असे मात्र कोणी मानू नये. रॉजर फेडरर पुष्कळ वर्षे 90 चौरस इंचांवर खेळला. नादालचा फिरकीचा चेंडू त्याच्या एकहाती बॅकहँडकडे खांद्याइतका उंच उसळे आणि रॅकेटच्या कडेला लागे. 2014 सालापासून फेडररने 97 चौरस इंचांची रॅकेट घेतली. 2017 साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने नादालला हरविले, तेव्हा त्याचा तोच बॅकहँड सर्वांच्या डोळ्यांत भरला. एवढा मोठा खेळाडूही आपल्या हत्याराशी हट्ट धरून बसला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

वजनाचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे, आणि पालकांनी हा भाग जरा लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंती आहे. जुनी लाकडी रॅकेट 370 ते 400 ग्रॅम भरत असे. आजच्या पुष्कळशा 250 ते 340 ग्रॅमच्या दरम्यान असतात. परंतु तराजूतील वजन निराळे आणि झोक्यातील वजन निराळे. मुठीपासून 20 सेंटिमीटरवर चिकटविलेले दहा ग्रॅम शिसे फारसे जाणवत नाही. तेच 60 सेंटिमीटरवर टोकाशी चिकटविले तर अंतर तिप्पट होते व फिरविण्यास होणारा विरोध नऊपट. म्हणून दोन रॅकेटींचे वजन सारखे असूनही एक हातोडीसारखी व दुसरी छडीसारखी वाटते. बळकट हातास टोकाकडचे वजन लाभदायक, कारण वेगाने आलेल्या चेंडूपुढे अशी रॅकेट मागे ढकलली जात नाही. नेटजवळ खेळणाऱ्यास मात्र डोके हलके लागते. मूळ गोव्याच्या घराण्यातील लिअँडर पेस ह्याने पुरुष दुहेरीची 8 व मिश्र दुहेरीची 10 मोठी विजेतेपदे मिळविली ती मुख्यतः नेटजवळच्या चपळाईवर. तेथे झोका घेण्यास सवडच नसते, रॅकेट डावीउजवीकडे क्षणात वळली पाहिजे.

आणि लहान मुलाचे काय? आमच्या पाहण्यातील एका पालकांनी, पगारातून काही महिने बाजूस काढून, आपल्या अकरा वर्षांच्या मुलास एका जगज्जेत्या खेळाडूचे नाव असलेली रॅकेट आणून दिली. प्रेमाने दिली, ह्यात शंका नाही. रॅकेट जड, चौकट ताठ, तारा पॉलिएस्टरच्या आणि घट्ट. त्या मुलाची रॅकेट चेंडूपर्यंत नेहमी उशिरा पोहोचे. चेंडू शरीराच्या मागे लागे आणि मनगट वाकून सगळा धक्का कोपरास बसे. तीन महिन्यांत कोपर दुखू लागले, आणि पुढच्या वर्षी मुलाने खेळच सोडला. त्या रॅकेटीत दोष नव्हता. ती दुसऱ्याच्या हातासाठी केलेली होती, एवढेच.

पॉलिएस्टरच्या तारांविषयी दोन शब्द अवश्य सांगावयास हवेत. 1997 साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेनने ह्या तारा लावून फ्रेंच स्पर्धा जिंकली, तेव्हापासून त्यांचा बोलबाला झाला. त्या गुळगुळीत असतात. चेंडू लागताच बाजूस सरकतात आणि चेंडू सुटण्यापूर्वी झटक्यात जागेवर येऊन त्यास जादा फिरकी देतात. पण सरकण्यासाठी चेंडूवर रॅकेट विलक्षण वेगाने घासली गेली पाहिजे. तो वेग नसलेल्या हातास त्यांचा लाभ मिळत नाही, कडकपणा मात्र पुरेपूर मिळतो. शिवाय त्या न तुटताच मरतात, म्हणजे ताण लवकर गमावतात; व्यावसायिक खेळाडू म्हणूनच त्या सतत बदलतात. शाळकरी मुलास साध्या नायलॉनच्या तारा, त्याही मध्यम किंवा थोड्या सैल, पुष्कळ बऱ्या. जनावरांच्या आतड्याची तात सर्वांत मऊ खरी, पण तिची किंमत आणि आपल्याकडचा पावसाळा ह्या दोहोंस तोंड देणे कठीण. ओलाव्याने ती खराब होते.

लहानांसाठी 19 इंचांपासून चढत्या लांबीच्या रॅकेटी मिळतात. मोठ्यांची साधारण 27 इंच असते, आणि नियमाने 29 इंचांहून लांब चालत नाही. दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरू नये, मंद उसळणारा लाल, केशरी वा हिरवा चेंडू वापरावा, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने 2012 सालापासून केला आहे. तेव्हा वाढीच्या अंगाचा सदरा शिवतात त्या न्यायाने 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मोठी रॅकेट घेणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे.

दुकानात जाण्यापूर्वी किंवा मित्राची रॅकेट मागून घेऊन करून पाहण्याजोग्या काही गोष्टी आहेत. मुठीचे टोक दोन बोटांत अलगद धरून रॅकेट लोंबती ठेवावी आणि दुसऱ्या कोणी तारांवर निरनिराळ्या ठिकाणी चेंडूने हलके ठोकावे. बहुतेक जागी बोटांना थरथर जाणवेल. मध्याच्या आसपास एक जागा अशी सापडेल की थरथर जवळजवळ नाहीशी होते. तेथे खडूने खूण करून मग खेळावे, म्हणजे आपला चेंडू त्या खुणेपासून किती दूर लागतो ते कळेल. फूटपट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलून धरली की तिचे वजन डोक्याकडे आहे की मुठीकडे हे दिसते.

मुठीची जाडी पाहण्याची रीत तर फारच सोपी आहे. रॅकेट नेहमीप्रमाणे धरावी. बोटांची टोके व तळहाताचा अंगठ्याखालचा उंचवटा ह्यांमधील फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी नीट बसली की मूठ योग्य. तर्जनी शिरतच नसेल तर मूठ बारीक आहे. वर पट्टी गुंडाळून ती जाड करता येते, आणि ती पट्टी थोड्या पैशांत मिळते. फट फार मोठी राहत असेल तर मात्र ती रॅकेट दुकानदारास परत द्यावी, कारण जाड मूठ बारीक करणे बहुधा जमत नाही.